वजा केलेला श्वास

१

आमच्या घरात काचेवर ‘हाः’ करायची सवय सगळ्यांनाच आहे.

माझी सवय पोटासाठीची. सकाळी प्रयोगशाळेत शिरायचं, हातमोजे चढवायचे, धुऊन ठेवलेल्या चकत्यांपैकी एक चिमट्याने उचलायची आणि तिच्यावर हळूच हाः करायचं. चकती सिलिकॉनची, आरशासारखी गुळगुळीत. ती खरोखर स्वच्छ असेल तर तोंडाची वाफ तिच्यावर एकसारखी बसते आणि एकसारखी उडून जाते. कोणाचं बोट लागलं असेल, कुठे तेलकटपणा राहिला असेल, तर तेवढ्याच जागी वाफ वेगळी बसते आणि कालचा हलगर्जीपणा चव्हाट्यावर येतो. आमच्याकडे भिंतीएवढी यंत्रं आहेत, पण चकत्या नीट धुतल्या गेल्यात की नाही हे अजूनही तोंडाच्या वाफेवरच ठरतं.

नवऱ्याची सवयही पोटासाठीचीच. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, आमच्या घराच्या बरोबर खाली. दिवसभर भिंगांवर हाः करायचं आणि पुसायचं.

खारू मात्र हौसेने करते. ती आठ वर्षांची आहे. तिचं खरं नाव फक्त शाळेत वापरतात. पेन्सिलींची टोकं, बाटल्यांची झाकणं, तुटकी बटणं, जे मिळेल ते उशीखाली साठवून ठेवते म्हणून बाबाने तिला खारूताई म्हणायला सुरुवात केली, ती खारूवर येऊन थांबली. तिच्या खोलीच्या खिडकीवर ती हाः करते आणि बोटाने खार काढते. एक गोल, दोन कान आणि अंगापेक्षा मोठी शेपटी. वाफ उडाली की खार जाते, पुन्हा हाः केलं की त्याच रेषांवर परत येते. का येते, हे मी तिला एकदा सविस्तर समजावलं होतं. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो, वगैरे. ती म्हणाली, “नाही, ती तिथेच असते. आपल्याला दिसत नाही इतकंच.”

खारूला दमा आहे. गेल्या हिवाळ्यात झोपेत तिला धाप लागली आणि आम्हाला कळलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी वाचवली. पण त्या दिवसापासून माझा जीव सतत टांगणीला लागलेला. तिच्या दाराशी कान लावून उभं राहायचं, हे माझं झोपेऐवजीचं काम झालं.

मग मला जे येतं ते मी केलं. मी पृष्ठभागांची माणूस. वस्तूचा सगळ्यात वरचा थर, त्यावर काय येऊन चिकटतं आणि काय सुटतं, एवढंच मला कळतं. “हिला खोलात जायला सांगू नका,” असं नवरा पाहुण्यांना सांगतो. दम्याच्या श्वासात एक वायू किंचित वाढतो, छाती घरघरायच्या बऱ्याच आधी. तो ओळखणारा एक थर मी एका चिपवर चढवला, डोळ्यांना न दिसणारा, आणि ती चिप डबीत घालून डबी खारूच्या पलंगावरच्या फळीवर ठेवली. तिने श्वास सोडला की माझ्या फोनवरची रेष वर जाते, घेतला की खाली येते. तो वायू वाढला तर रेष लाल खुणेवर चढते आणि फोन बोंब मारतो.

मला दुसरं काही नको होतं. पुढच्या वेळी माझ्या लेकीला श्वास पुरेनासा झाला, तर ते मला तिच्या आधी कळायला हवं होतं.

२

डबीने काम चोख केलं. दोनदा तिने वेळेवर बोंब मारली, दोनदा मी पंप घेऊन धावले, दोनदा खारू पाच मिनिटांत बरी होऊन “आई, तुझे केस उभे राहिलेत” म्हणून हसली. मला हळूहळू झोप लागायला लागली. फोनवरची ती रेष मी येताजाता बघायचे. देवघरातल्या दिव्याकडे आपण येताजाता बघतो ना, तसं.

एका सकाळी मी प्रयोगशाळेत चकत्या धूत होते. शेजारच्या खोलीत थंडोबाचं यंत्र चाललं होतं. थंडोबा माझा सहकारी. त्याची सर्किटं इतकी थंड करावी लागतात की त्यांतून वीज कसलाही अडथळा न होता वाहते, आणि मग सर्किटवर एखादा चुकार रेणू बसला तरी त्याला त्याची खरखर ऐकू येते. म्हणून त्याच्या चिपांवरचा थर मीच देते. त्याचं थंड करणारं यंत्र दिवसभर ‘छिक्... छुक्... छिक्... छुक्’ करत असतं. नव्या माणसाला वाटतं, भिंतीपलीकडे कोणीतरी मोठं झोपलंय.

फोन टेबलावर होता. मी हात पुसता पुसता नजर टाकली. रेष वर, खाली, वर, खाली. खारू नीट श्वास घेतेय, असं मनाशी म्हटलं आणि पुढची चकती उचलली.

चकती पाण्यात बुडवली आणि हात तिथेच थांबला. खारू शाळेत होती.

मी नवऱ्याला फोन लावला. “वर जा जरा. खारूच्या खोलीत.”

“गिऱ्हाईक बसलंय गं.”

“बसू दे. जा.”

जिन्यावर त्याची पावलं वाजली. दार उघडल्याचा आवाज आला. “आलो. काय शोधू?”

“कोणी आहे का बघ.”

“कोण असणार? चोर आला तर दुकानात येईल. वर काय पेन्सिलींची टोकं न्यायला येणार आहे?”

“खिडकी उघडी आहे? पडदा हलतोय?”

“सगळं बंद आहे. पडदाही शांत आहे. तुझी डबी फळीवर शहाण्यासारखी बसलीय. जाऊ?”

मी स्क्रीनकडे बघत होते. तो बोलत होता तेव्हा रेष त्याच्या श्वासाने मोठमोठ्या उड्या मारत होती. त्या उड्यांमध्ये मघाची लहान रेष नव्हती. ती थांबली होती. तो खाली गेला, दार लागलं, मोठ्या उड्या विरल्या. बराच वेळ रेष सपाट राहिली. मग आधी एकदम मोठा, घाईचा श्वास आणि नंतर पुन्हा वर, खाली, वर, खाली.

लपंडावात कपाटामागे दम धरून बसलेलं मूल राज्य घेणारा गेल्यावर असाच श्वास सोडतं. हा विचार मला का सुचला, म्हणून मी स्वतःवरच चिडले.

३

थंडोबाला दाखवलं. त्याने चष्मा कपाळावर चढवून रेष पाहिली.

“तुझा थर म्हातारा झाला, बाई. इतके महिने एकाच पोरीचा श्वास खातोय. सवय लागली त्याला. आता कोणी नसलं तरी बडबडतो.”

“इतकं हुबेहूब?”

“म्हाताऱ्यांचं तसंच असतं. माझे वडील निवृत्त झाल्यावरही रोज डबा घेऊन बसस्टॉपवर जायचे.”

मला हसू आलं नाही, पण कारण पटलं. म्हणजे पटवून घेतलं. आमच्या धंद्यात अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. जिथे मोजायचं ती जागा रिकामी ठेवायची, त्या रिकाम्या जागेत यंत्र जे काही दाखवेल ते ‘काहीच नाही’ असं धरायचं आणि पुढच्या प्रत्येक मोजणीतून तेवढं वजा करायचं. त्याला आम्ही झिरो करणं म्हणतो. दिवसातून अनेकदा करतो. भांडी घासण्याआधी नळ सोडावा इतकं ते सवयीचं आहे.

मी दुपारी घरी गेले. खारू शाळेतून यायला अवकाश होता. तिच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसले, दार लावलं, फोन मांडीवर घेतला.

खोली तिचीच होती. भिंतीवर वाकडा चिकटवलेला नकाशा, खुर्चीवर उलटा टाकलेला स्वेटर, उशीखालून डोकावणारं निळं झाकण. खाली दुकानात नवरा कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता. “खालची ओळ... बरं, त्याच्या वरची.” त्याचा आवाज जमिनीतून गुणगुणल्यासारखा येत होता. बाकी काही नाही.

रेष सपाट होती. म्हणजे माझ्या श्वासाने हलत होती, पण फक्त माझ्याच. मी म्हटलं, चला, बडबड थांबली. मग सवयीने मी खात्री करून घ्यायचं ठरवलं आणि माझा श्वास रोखून धरला.

माझी रेष खाली येऊन थांबली. आणि तिच्या जागी दुसरी उठली. लहान, आखूड. वर, खाली. सोडताना शेवटी एक बारीक अडखळ. ती अडखळ मला पाठ आहे. गेला अख्खा हिवाळा मी ती दाराआडून ऐकली आहे.

खोलीत आवाज नव्हता. मी कान देऊन ऐकलं. माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. मी पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे चपलांचा एकच जोड होता. कपाट उघडलं, त्यात कपडे होते. मी स्वतःला म्हटलं, वेडाबाई, तू शिकलेली आहेस, थराला सवय लागली आहे, जे ठरलेलं आहे ते कर. आणि मी श्वास रोखूनच फोनवर ‘झिरो’ दाबलं.

रेष खाली आली आणि सपाट झाली.

पंखा बंद झाल्यावर खोलीत जसं एकदम काहीतरी कमी झाल्यासारखं वाटतं, तसं वाटलं. पंखा चालू नव्हताच. मी उठून खिडकी उघडली, थोडी हवा घेतली आणि चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले. माझा जीव भांड्यात पडला होता, हे कबूल करायला हवं.

थोड्या वेळाने खारू आली. दप्तर जागेवर ठेवलं, बूट जोडून ठेवले. मी म्हटलं, “आज काय शहाणपणा!” ती हसली.

४

त्या दिवसापासून खारू बरी झाली.

बरी म्हणजे अगदी ठणठणीत. जिना धावत चढायची आणि वर आल्यावर धाप नाही. धूळ उडो, गार वारा असो, काही नाही. पंप फळीवर तसाच पडून. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग नळी काढून तिच्याकडेच बघितली. पुन्हा लावली. “अगदी स्वच्छ,” ते म्हणाले. “इतकी स्वच्छ छाती मी हल्ली ऐकलेली नाही. काहीच आवाज नाही.” नवऱ्याने त्या आनंदात दुकान लवकर बंद करून आम्हाला बाहेर जेवायला नेलं.

फोनवरची रेष मात्र सपाट होती. खारू खोलीत नसताना सपाट, ते ठीक. खारू पलंगावर झोपलेली असतानाही सपाट. मी तिच्या उशाशी बसले की माझ्या श्वासाने ती हलायची, उठून आले की पुन्हा सपाट. झिरो जरा जास्तच झाला, असं मी समजले. त्या रिकाम्या खोलीतल्या बडबडीचा आकार खारूच्या श्वासासारखाच होता, तो वजा करताना मी खारूलाही वजा केलं. मूर्खपणाच. तरी लगेच दुरुस्त केलं नाही. पोर बरी होती ना. यंत्राने मुकं राहावं असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.

पण आईचं डोकं शांत बसत नाही. उशीखाली आता काही सापडेना. “टाकून दिलं,” खारू म्हणाली. “कचरा होता.” पेन्सिल तोकडी झाली की नवी मागायची. पूर्वी ती झोपेत हात-पाय झाडायची, पलंगावर आडवी-तिडवी व्हायची. आता जशी निजवावी तशी सकाळी सापडायची, पांघरुणाला सुरकुती नाही. खिडकीवर खार काढणंही बंद झालं. या सगळ्याला मी एकच उत्तर देत होते. मोठी होतेय. सगळ्या आया हेच म्हणतात आणि सगळ्यांचं खरं असतं.

एका संध्याकाळी मी दुकानात डोकावले. खारू बाबाला मदत करत होती. स्टुलावर बसून, भिंग दोन बोटांत धरून, तोंडाजवळ नेऊन हाः. मग फडक्याने पुसायचं आणि पुढचं भिंग.

मी दारातच उभी राहिले. तिने पुढचं भिंग उचललं, दिव्याखाली धरलं, तोंड चांगलं मोठं उघडून हाः केलं. भिंग लख्ख होतं. हाः करण्याआधी होतं तसंच. पलीकडचा दिवा मला त्यातून स्वच्छ दिसत होता. तिने ते फडक्याने निगुतीने पुसलं आणि खाली ठेवलं.

ती आत गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं, “ही वाफ न धरणारी भिंगं आहेत का? कोटिंगवाली?”

“ही?” त्याने एक उचललं. “कोटिंगवाली कपाटात ठेवतो मी. ही साधी, वाचायच्या चष्म्याची.” त्याने सहज त्यावर हाः केलं. भिंग पांढरं झालं.

मी तिथून निघाले. जिन्यात मी स्वतःला समजावत होते. दिव्याची ऊब लागली असेल, तापलेल्या भिंगावर वाफ बसत नाही. हे खरंही आहे. मी असं शिकवते.

५

शाळेला सुट्टी लागली तेव्हा मी तिला प्रयोगशाळेत घेऊन गेले. नवऱ्याला सांगितलं, घरी कंटाळते. खारूला सांगितलं, गंमत दाखवते. स्वतःला काय सांगितलं ते आठवत नाही.

घरच्या डबीतली चिप आणि प्रयोगशाळेतली एक चिप एकाच चकतीतून कापलेल्या होत्या. जुळी भावंडंच म्हणायची. एकीला जे कळतं तेच दुसरीला कळतं. मी ती टेबलावर लावली आणि मोठा स्क्रीन सुरू केला. वर टेबलावरच्या चिपची रेष, खाली घरच्या डबीची.

“थंडोबा, फुंकर मार.”

“वाढदिवस आहे का कोणाचा?” म्हणत त्याने फुंकर मारली. वरची रेष उसळली. मग मी मारली. माझीही उसळली.

“आता तू, खारू.”

ती स्टुलावर चढली आणि चिपजवळ तोंड नेऊन लांब श्वास सोडला. तिच्या गालांचा फुगा झाला, ओसरला, खांदे खाली आले. रेष हलली नाही.

“झिरो लागलाय या चिपलाही,” मी घाईघाईने म्हणाले. “घरचाच. तिच्यासारखं जे असेल ते सगळं वजा होतंय.”

“वजा केलं म्हणजे काही गेलं नाही,” थंडोबा म्हणाला. तो नेहमीच्या चेष्टेच्या सुरात बोलायला गेला होता, पण मध्येच त्याचा सूर उतरला. तो खारूकडे बघत होता. “असतं तिथेच. आपण बघत नाही इतकंच. झिरो काढून टाक आणि परत घे.” मग तो म्हणाला, “मी चहा आणतो,” आणि गेला. जाताना त्याने आपलं यंत्र बंद केलं. ते तो दिवसा कधीच बंद करत नाही. छिक् छुक् थांबलं आणि खोली नको इतकी शांत झाली.

मी झिरो काढला. आधी फक्त टेबलावरच्या चिपचा.

“पुन्हा फुंकर मार, बाळा.”

तिने मारली. मी तिचा हात धरून जवळून पाहत होते. माझ्या मनगटावरचे केस तिच्या तोंडासमोर होते, ते हलले नाहीत. रेष सपाटच होती. आता वजा करायला काही नव्हतं. जे होतं ते सगळं समोर होतं, आणि ते काहीच नव्हतं.

“झालं?” खारूने विचारलं. “आता घरी जायचं?”

एकच विचार डोक्यात घण घालत होता. त्या दुपारी रिकाम्या खोलीत श्वास रोखून मी नक्की काय वजा केलं?

मी घरच्या डबीचा झिरो काढला.

यंत्र वजा केलेलं फेकून देत नाही. झिरो काढला की मागचं सगळं परत मांडतं. खालची सपाट रेष थरथरली आणि डावीकडून उजवीकडे भरत गेली. रिकाम्या खोलीत श्वास होता. त्या दुपारनंतर रोज होता. सुरुवातीला नेहमीसारखा, शेवटी बारीक अडखळ असलेला. मग अडखळ वाढत गेलेली. मग कितीतरी वेळा रेष लाल खुणेवर चढलेली, तिथेच लटकून राहिलेली, दमून खाली आलेली. फोन एकदाही ओरडला नव्हता. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं. आणि ज्या रात्री आम्ही बाहेर जेवायला गेलो होतो, त्या रात्रीही ती वर होती.

मला रडू फुटलं. पंप फळीवर होता. डबीच्या शेजारीच. पण तो उडवायला कोणी नव्हतं.

त्याच क्षणी फोन बोंबलायला लागला.

६

“पंप घे आणि खारूच्या खोलीत जा,” मी नवऱ्याला फोन लावून म्हणाले. “पंप तिथेच फळीवर आहे.”

“खारू तुझ्याकडे आहे ना?” नवऱ्याचा आवाज गोंधळलेला.

“जा म्हणते ना!”

मी त्याच्यावर अशी कधी ओरडत नाही. तो जिना चढला. दार उघडल्याचं ऐकू आलं. स्क्रीनवर खालची रेष लाल खुणेवर आपटत होती, आखूड, उथळ. मध्येच त्याचा मोठा श्वास आला. या वेळी लहान रेष थांबली नाही. दम धरायची ताकद तिच्यात उरली नसावी.

“अगं...”

“काय दिसतंय?”

“कोणी नाही. पण खिडकी धुरकटलीय. आतून. एवढ्याच भागात.” त्याची पावलं खिडकीकडे गेली. “खार आहे गं त्यावर. शेपटी अर्धी राहिलीय.” मग अगदी हळू म्हणाला, “नाही. झाली पूर्ण.”

“पंप उडव.”

“कुठे?”

“काचेजवळ. तिच्या तोंडाच्या उंचीला.”

“कोणाच्या...”

“ती उंची तुला माहीत आहे. दर वाढदिवसाला तूच दारावर खूण करतोस. उडव!”

फुस्स झालं. जरा थांबून मी सांगितलं तसं पुन्हा एकदा फुस्स झालं. रेष अडखळली, लडखडली, लाल खुणेच्या खाली आली. पुन्हा वर गेली. पुन्हा खाली आली आणि या वेळी खालीच राहिली. सोडताना शेवटी ती बारीक अडखळ. मी तोंडावर हात दाबून धरला.

“बोल तिच्याशी,” मी म्हणाले. “काहीही बोल. उठू नकोस तिथून.”

पलीकडे त्याने घसा साफ केला. “एक खारूताई होती,” तो म्हणाला. “तिच्याकडे... तिच्याकडे खूप झाकणं होती...” मग नाक ओढून त्याने पुन्हा सुरू केलं.

माझ्या हातावर हात पडला.

ती स्टुलावरून केव्हा उतरली ते मला कळलं नाही. ती माझ्या कुशीला टेकून उभी होती आणि स्क्रीनकडे बघत होती. हात छोटासा होता, ऊबदार होता, तळव्यावर माझ्या लेकीचा तीळ होता. तिने माझं बोट धरून हळूच उचललं आणि ‘झिरो’वर नेऊन ठेवलं.

“कर ना, आई,” ती म्हणाली. “मागच्या वेळी केलं होतंस तसं. मग सगळं किती छान झालं होतं.”

तिच्या बोलण्याने माझ्या कानाला वारा लागला नाही. मी बोट काढून घेतलं. ते काढताना मला जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती, त्या हिवाळ्यातसुद्धा नाही.

ती रागावली नाही. “बरं,” म्हणाली. बूट घातले, माझी पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. फोनवर तिचा बाबा म्हणत होता, “झोपली वाटतं. काचेवरचं कमी झालंय. तू ये लवकर. आणि ऐक, येताना तिला...”

दाराला काचेची तावदानं आहेत. त्यातल्या एकासमोर तिने चांगलं तोंड उघडून हाः केलं. काच कोरी राहिली. तिने त्या कोऱ्या काचेवर बोटाने एक गोल काढला, मग दोन कान, मग अंगापेक्षा मोठी शेपटी, अगदी मन लावून. आणि बरोबर जमली का ते विचारायला माझ्याकडे वळून पाहिलं.

“छान आहे,” मी म्हणाले.

“मग चल घरी,” ती म्हणाली आणि हात पुढे केला.